तेरावा मुडदा

“मावशी, एक मुडदा जास्त झालाय,” अन्वर म्हणाला.

तूदा गढीच्या उंबऱ्यावर चहासाठी पुदिना निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. “उन्हाने डोळे दिपतात. परत मोज.”

“तीनदा मोजलं. काल या बोळात बारा मेले होते, आज तेरा पडलेत. पडद्यावर बघणारे विचारतील, हा तेरावा रात्रीतून कुठून आला? खरं सांगा, कुणाला घुसवलंत? पुतण्याला?”

अन्वर कासाब्लांकाचा, सिनेमावाल्या साहेबाचा मदतनीस. एरवी गोड बोले, पण आज त्याच्या मागे साहेब उभा होता आणि साहेबाच्या मागे नदीपलीकडचा हद्दू. या मातीच्या गढीत सिनेमासाठी माणसं जमवून देण्याचं काम वर्षानुवर्षं तूदाकडे होतं. तिच्याकडे दुसरं होतं काय, चार खजुरीची झाडं आणि धूळ. ते काम हद्दूला हवं होतं.

“बाई थकल्या हो,” हद्दू साहेबाला म्हणत होता. “जिवंत कोण, मेलेलं कोण, त्यांना कळेनासं झालंय.”

“तेरावा सापडला नाही, तर उद्यापासून माणसं हद्दू आणेल,” साहेब म्हणाला. “आणि चादरी हलवायच्या नाहीत. कालच्या घड्या जुळायला हव्यात.”

“तोंडं कशाला बघायला हवीत?” तूदा उठली. “मुठी बघते.”

मेल्याचं सोंग घेऊन जुन्या मातीत पडायचं, म्हणजे जिनांना आवतणच. म्हणून पडणाऱ्याने मुठीत चिमूटभर मीठ धरायचं, म्हणजे हा खोटा मेलाय हे त्यांना कळतं. तूदाचा नवरा बस्सू असा जन्मभर मेला. बाणाने मेला, तोफेने मेला, दोनदा तहानेने मेला. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. पण मीठ हमखास विसरायचा. तूदा ओढणीच्या टोकाला चिमूट बांधून त्याच्यामागे पळायची. गेल्या हिवाळ्यात ती बहिणीकडे गेली आणि तो नेमका गार मातीवर बिनमिठाचा पडला. ताप घेऊन घरी आला, आणि मग खराच गेला. ती चिमूट तूदाच्या ओढणीत अजून तशीच होती.

ती बोळात शिरली. या वेळेला वाळवंटाकडून वारा सुटतो, आज पानही हलत नव्हतं. दोन्ही भिंतींलगत पांढऱ्या चादरी ओळीने पडलेल्या. तिने पहिल्या चादरीखाली हात घातला. मीठ.

“इज्जा, पोट आत घे.”

“मेल्यावर कसलं आत घेऊ?” चादर म्हणाली.

“मोहा, मीठ चाटू नकोस.”

“भूक लागलीय, काकी.”

अशी ती शेवटच्या चादरीशी आली. हात थंड लागला. बोटं आखडलेली, उघडेनात. तिने फटीतून आपलं बोट घालून चाचपलं. मूठ रिकामी.

“मीठ कुठंय?”

चादर काही बोलली नाही. तूदाने तिचं टोक उचललं. तेच वाकडं नाक, तीच हनुवटीवरची खूण. बस्सू.

ती किंचाळली नाही. हळूच खाली बसली. “मेल्या, आजपण विसरलास?”

मागून डोकावणारा हद्दू नदीच्या दिशेने पळाला. त्याची एक सपात बोळातच राहिली. अन्वर पांढराफटक पडला, पण शहरातला माणूस. त्याने पेन त्या कपाळावर वाजवलं. टक टक. पोकळ.

“प्लास्टर आहे, मावशी. पुतळा.”

तेव्हा सगळ्यांना आठवलं. फार वर्षांपूर्वी एका कंपनीने बस्सूला दिवसभर प्लास्टर थापून त्याचा पुतळा केला होता, बुरुजावरून फेकायला. बस्सू नंतर कितीतरी दिवस अंग खाजवत होता.

साहेबाने कॅमेऱ्यातून पुन्हा पाहिलं. “बाकीचे सगळे श्वास घेतायत. हा एकच नीट मेलाय. याला पुढे घ्या, कालचं सगळं परत करू. आणि माणसं ही बाईच आणेल.”

ऊन उतरलं तसं काम संपलं. तूदाने “चहा” म्हणताच सगळे मुडदे धूळ झटकत उठले.

“पुतळा छान शोधून आणलात,” ती अन्वरला म्हणाली.

“आम्ही? आमचा तर ट्रकसुद्धा उघडला नाही आज. मला वाटलं, तुम्हीच आणलात.”

पुतळा बुरुजावरून पडला तेव्हा त्याच्या ठिकऱ्या झाल्या होत्या, हे तूदाला स्वच्छ आठवत होतं. त्यातल्या मोठ्या तुकड्यांनी तिनेच कोंबड्यांचं खुराडं रचलं होतं. ते आज सकाळीही तिने उघडलं होतं, तुकडे जागच्या जागी होते.

ती एकटी बोळात परत गेली. बस्सू तसाच पडून होता. चादर सारखी करताना त्याच्या मुठीतून काहीतरी सांडलं. तिने बोटाने टिपून जिभेवर ठेवलं. खारट. तिने ओढणीचं टोक चाचपलं. गाठ सुटलेली होती, आत मीठ नव्हतं.

“आत्ता आठवलं होय,” ती म्हणाली, आणि चादर तोंडावर न ओढता खांद्यापर्यंतच ओढली.