सरनोबतांचे वीस हात

या उन्हाळ्यात एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि ओरडलोच. वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू सरनोबतसाहेब, वय सदुसष्ट, लाकडी बाकावर पालथे पडलेले. तोंड पाण्याच्या परातीत. दोन्ही हात गोल गोल फिरतायत. मला वाटलं, झटका आला. मी पाय धरून त्यांना खाली ओढलं.

नाकातलं पाणी शिंकरत ते म्हणाले, "भिया, सव्वीसचे वीस करायचेत! मध्येच काय ओढता?" आमच्या गावात भैयाला भिया म्हणतात.

बँकेतून रिटायर झालेला माणूस. तरणतालाच्या, म्हणजे पोहायच्या तलावाच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला यांना सव्वीस हात मारावे लागत. यांना वीसच मारायचे होते. का, तर "पाण्याशी भांडायचं नाही. कमी हात, लंबी चाल." दिवसातून दहा वेळा हेच. पोह्याच्या ठेल्यावर उभे असले तरी कोपर उचलून हवेत हात मारणार. एकदा मागच्या बाईच्या हातातली जिलबी उडाली. बाई शिव्या देतेय आणि हे तिला शिकवतायत, "देखो बहनजी, कोहनी ऐसी ऊँची रहनी चाहिए."

कहर केला तो माझ्या बायकोच्या तेराव्याला. लोक गप्प बसलेले. हे माझ्याजवळ सरकले, माझा खांदा दाबून बघितला आणि म्हणाले, "आखडलाय. उद्या सहाला तरणतालावर चला." फोटोवरचा हार अजून सुकला नव्हता! मी सगळ्यांसमोर म्हटलं, "लाज वाटते का?" दुसऱ्या दिवशी सहाला दारात हजर. हातात टॉवेल दोन.

मला पोहता येत नाही. त्यांनी काठावर खुर्ची मांडून मला काम दिलं, हात मोजायचे. मी चौथी पास, पण एवढं येतं. रोज सव्वीस. कधी सत्तावीस. घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून जात राहिलो.

पंधरा दिवसांत माझ्यासारख्या अडाण्यालाही चूक दिसली. श्वास घ्यायला हा माणूस फक्त उजवीकडे वळायचा. वळायचा म्हणजे काय, मुंडी पार वर काढून बघतच बसायचा. तेवढ्यात कंबर बुडायची, वेग मरायचा. कोच सांगून थकला, "अंकल, दोनों तरफ लो ना." हे मान डोलवत आणि पुन्हा उजवीकडेच.

एक दिवस माझं डोकं फिरलं. काठावरून ओरडलो, "अहो, तिकडे काय सिनेमा लागलाय? डावीकडे वळवा मुंडी, नाहीतर मी उद्यापासून येत नाही!"

त्यांनी पोहायचा चष्मा ओढला आणि निघाले. मान डावीकडे, ती पण अगदी थोडी. अंग सरळ. पाणी वाजलंसुद्धा नाही. अठरा, एकोणीस, आणि विसाव्याला भिंत. मी खुर्चीवरून उठून नाचलो. कोचनं शिट्टी मारली, "छा गए अंकल!"

सरनोबत भिंत धरून तसेच राहिले. वर येईनात. वाकून बघतो तर चष्मा कपाळावर आणि डोळे भरलेले.

"अहो, वीस झाले!"

"हो. आज एकदाही तिकडे बघितलं नाही, भिया."

"कुठे?"

त्यांनी उजवीकडची, दोरीपलीकडची रिकामी लेन दाखवली. "मालती तिकडून पोहायची. अकरा वर्षं. मी श्वास घ्यायला वळलो की जीभ दाखवायची आणि पुढे निघून जायची. दिवाळीत गेली. मग ते घर सोडून तुमच्या वर राहायला आलो. तरणताल मात्र सुटला नाही."

बायकोचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं होतं. मला वाटायचं, सोडून गेली असेल. कॉलनीत चार लोकांना तसं सांगितलंही होतं मी. आणि आता दम देऊन यांची मानही मीच फिरवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीवर बसलो. ते निघाले. पहिलाच श्वास, उजवीकडे. मुंडी पार वर. कंबर बुडाली. मी ओरडलो नाही.

भिंतीला हात लावून त्यांनी विचारलं, "किती?"

"मोजले नाहीत."

"अहो, मग बसून करत काय होता?"

"मी पण तिकडेच बघत होतो," मी म्हटलं.