तीन काळे बॉल आणि घरची मदत

बोलिंगमध्ये माणूस हरतो तो हातामुळे नव्हे, चुकीच्या बॉलमुळे! हे मी ऑफिसात इतक्यांदा ऐकवलं होतं, की मी दिसले रे दिसले की आमचे साहेब लिफ्ट सोडून जिना धरायचे.

लांबलचक लाकडी पट्टीवरून जड बॉल घरंगळवायचा आणि पलीकडच्या दहा पिना पाडायच्या, एवढाच खेळ. पण त्या पट्टीला तेल लावतात, आणि सगळी गोम त्या तेलात! तेल जास्त असेल तर खरखरीत बॉल, कमी असेल तर गुळगुळीत, आणि एकटी उरलेली पिन टिपायला सरळ जाणारा साधा. मी तिन्ही घेतले. तिन्ही काळे. शोभून दिसायला नकोत? बेडरूममध्ये रॅकवर क्रमाने मांडले. शनिवारी हिशेब खात्याशी अंतिम सामना होता आणि आमच्या खात्याची सगळी भिस्त माझ्यावर!

शुक्रवारी घरी येऊन बघते, तर रॅकवर तीन आरसे!

"अगं, एक बॉल अगदीच कळकट झाला होता," सासूबाई फडकं झटकत म्हणाल्या. "म्हटलं, एकालाच कशाला? तिघांनाही फर्निचरचं पॉलिश लावलं!"

"आई, तो कळकट नव्हता हो, खरखरीत होता!"

"मग तेच म्हणतेय मी!"

मी तोंड पाडून बसले. ते नवऱ्याला बघवेना. मी आंघोळ करून येईपर्यंत हा घामाघूम, हातात पॉलिशपेपर.

"खरखरीत हवा होता ना? केला!"

"कुठला?"

"ओळखू येईना. म्हणून तिन्ही केले!"

चेहरा असा, की जणू गड जिंकून आलाय. आता याला रागवायचं तरी कसं? म्हटलं, असू दे. पट्टीवर भरपूर तेल असलं की झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी कोरडी ठणठणीत! तेल लावायचं मशीनच बिघडलेलं! पहिला बॉल टाकला. थोडा सरळ गेला आणि काहीतरी विसरल्यासारखा डावीकडे वळून थेट कडेच्या नालीत. पुढच्या खेपेला दुसरा टाकला, तोही तिथेच. मग तिसरा. तो तर भावांना भेटायला पळतच गेला!

"वा! सगळे कसे एकाच जागी!" मागून सासूबाई टाळ्या पिटत ओरडल्या. "हात बसलाय हो पोरीचा!"

हिशेब खातं पोट धरून हसत होतं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी चिडून तिथलाच एक बॉल उचलला. गुलाबी, टवके उडालेला! ना तेलाचा विचार, ना पट्टीचा. दिला सोडून.

धडाड! दहाच्या दहा आडव्या! पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्याही! अगदी थोडक्यात, पण जिंकलो आम्ही! नवरा कप डोक्यावर घेऊन नाचला. सासूबाई दिसेल त्याला पॉलिशचं नाव सांगत सुटल्या.

साहेब स्वतः चालत माझ्याकडे आले. "मानलं बुवा! इतक्या बॉलमधून ऐन वेळी नेमका तोच कसा हेरलात?"

"अनुभव, साहेब," मी गंभीरपणे म्हटलं.

तुम्हाला म्हणून सांगते, तिथे तो एकच शिल्लक होता!