पानिपतहून सगळे घरी आले

मोतीराम गुरुजींनी मला दोन वर्षं इतिहास शिकवला आणि त्या दोन वर्षांत एकही माणूस मरू दिला नाही. राजे लढत, हत्ती उधळत, तोफा धडधडत आणि शेवटी सगळे घरी जात. सिकंदराला ताप भरला तेव्हा मी श्वास रोखून पुढचं विचारलं. गुरुजी म्हणाले, "पुढं काय? वैद्यानं काढा देला, ताप उतरला, मंग तो घरी गेला. माय वाट पाहून राहिली होती ना त्याची." टिपू किल्ल्याच्या मागल्या दारानं घरी गेला. झाशीच्या राणीचा घोडा नाल्यावर अडला, तर ती खाली उतरली, नाला पायी ओलांडला आणि पलीकडच्या गावात धानाची शेती करून राहिली.

मी तेव्हा आंधळगावातल्या आमच्या घरी खाटेवर पडून होते. अठ्ठ्याहत्तर साल असावं. पाचवी संपता संपता कंबरेच्या हाडाला क्षय लागला. बाबांनी वरठी स्टेशनहून गाडीत घालून नागपूरला नेलं आणि डॉक्टरांनी कंबरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढवलं. शाळा सुटली. बाकीचे विषय मी एकटीच पडल्या पडल्या वाचायची. इतिहासासाठी बाबांनी समोरच्या घरातले मोतीराम गुरुजी लावून दिले. ते नुकतेच रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगा भिलाईला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं इतिहासाचं पुस्तक बगलेत मारलं आणि घरी नेलं. "याच्यात गोष्टी नाई, निस्ते सन हायेत," म्हणाले.

नकाशा नव्हता, म्हणून गुरुजी चुलीतला कोळसा घेऊन माझ्या प्लास्टरवर हिंदुस्थान काढत. मांडीवर दिल्ली, गुडघ्यावर विंध्य, पोटरीवर दख्खन. आई वैतागायची.

"गुरुजी, पोरीच्या पायावर काय चितारून राहिले? चादरी धुवून धुवून माझे हात गेले."

"वहिनी, फौज उतरून राहिली नर्मदेपाशी. आता पुसाल तं बुडन सगळी."

प्लास्टरच्या आत खाज सुटली की गुरुजी गोष्ट थांबवून तुराटी आत सारत आणि अचूक जागी खाजवून देत. मग पुन्हा लढाई सुरू.

त्यांच्या वेळेला गावातल्या बायाही यायच्या. आमच्या गावाला हळहळ करायची भारी हौस. एकेक जण खाटेशी बसे, चहा घेई आणि माझ्यादेखत म्हणे, "कितीक गुणाची होती वो पोरगी! रंग तं कसा होता!" मी टक्क जागी, त्यांच्याकडे बघतेय आणि त्या 'होती, होती' करताहेत. मला वाटे, मोठ्या माणसांची बोलायची रीतच असेल. गुरुजी मात्र बाई दिसली की आवाज चढवत आणि तोफा सुरू करत. बाईचा चहा अर्धा राहायचा.

पानिपत त्यांनी आठवडाभर लावलं. मराठ्यांची फौज उपाशी, समोर अब्दाली, मला तर घास उतरेना. आठव्या दिवशी गुरुजी म्हणाले, "मंग काय झालं, संक्रांत आली. घरी बाया तीळगूळ करून बसल्या होत्या. भाऊसाहेब म्हणाले, चला बाप्पा, लढाई होतच राहते. सगळे घरी गेले अन् तीळगूळ खाल्ला." मी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना माझं हाड जुळलं. नागपूरला डॉक्टरांनी प्लास्टर कापलं आणि अख्खा हिंदुस्थान बादलीत गेला. मी काठीवर चालू लागले. हेडमास्तरांनी सांगितलं, सातवीची परीक्षा पास झाली तर आठवीत बसू देऊ, नाहीतर नाव कमी करू. बाबांनी ते ऐकून पुढचं ठरवून टाकलं: नापास झाली तर घरी शिलाई शिकेल. गुरुजी तेव्हा भिलाईला, मुलाकडे कायमचे राहायला गेलेले. पुस्तक त्यांच्या कुलूपबंद घरात. पण मला काळजी नव्हती. इतिहास मला तोंडपाठ होता.

'पानिपतच्या युद्धाचे परिणाम लिहा' असा प्रश्न आला आणि मी तीळगूळ लिहिला, दीड पान भरून.

हेडमास्तरांनी माझा पेपर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं बाकांवर लोळली. शिपाईसुद्धा दारात येऊन हसून गेला. सगळ्या विषयांत पास आणि इतिहासात भोपळ्याच्या जवळपास. आता जूनच्या आधीची फेरपरीक्षा तेवढी उरली होती.

मे महिन्यात गुरुजी भिलाईहून ट्रंकेसकट परत आले. सुनेनं कायमचं म्हणजे किती दिवस ते विचारलं होतं म्हणे. मी काठी टेकत थेट त्यांच्या घरी गेले. ते स्टोव्हवर एका माणसापुरता भात शिजवत होते.

"गुरुजी, तुमी मले खोटं काहून शिकवलं?"

त्यांनी झाकण ठेवलं. "परीक्षेसाठी शिकवतच कोण होतं वो?"

"मंग कायसाठी?"

"तुझ्या बाबानं म्हटलं होतं, डॉक्टरनं हात टेकले, गुरुजी, पोरीचं मन रमवा." मग एकदम चिडून म्हणाले, "मरायले टेकलेल्या पोरीसमोर मी रोज मुडदे पाडू काय? तू वाचशीन हे मले कोणी सांगितलं होतं!"

म्हणजे माझ्या मरणाची खबर मला सोडून साऱ्या आंधळगावाला होती. बाबांना, आईला, चहा पिणाऱ्या बायांना. मला इतका संताप आला की काठी फेकावीशी वाटली. फेकली असती तर पडले असते, म्हणून नाही फेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पुस्तक घेऊन आमच्या ओसरीवर आले. फेरपरीक्षेत मी पास झाले, आठवीत बसले, ते सगळं पुढचं. त्या सकाळी गुरुजींनी पानिपत काढलं, दोन ओळी वाचल्या आणि चष्मा पुसत बसले. पुन्हा दोन ओळी वाचल्या. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तूच वाच. माझ्यानं होत नाई."

मी वाचू लागले. गोळी लागून विश्वासराव पडले. भाऊसाहेब गर्दीत शिरले ते परत दिसले नाहीत. कुणी घरी गेलं नाही. माझा आवाज चिरकत होता, रागानं की कशानं कोण जाणे. गुरुजी खाली मान घालून एकेकाचं मरण ऐकत होते. धडा संपला.

मग त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "शकू, दुखते काय वो अजून?"

दोन वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सारा गाव विचारून गेला होता, ते सोडून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"नाई दुखत, गुरुजी."

"खरं सांग."

"खरंच नाई दुखत."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि पूर्वीच्या कडक मास्तरी आवाजात म्हणाले, "मंग रडून काहून राहिली? पुढचं पान काढ."