सूल्लिनेन म्हणजे तोंडी

आमच्या पार्सिपनीच्या अपार्टमेंटमधले अच्युतकाका ड्राइव्ह करता करता फिनिश भाषेच्या विभक्त्या म्हणायचे. सिग्नल हिरवा झाला तरी विभक्ती पुरी झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. मागचे लोक हॉर्न मारून थकायचे.

केमिकल इंजिनिअर माणूस. काकू गेल्यापासून एकटाच. ऐंशीच्या दशकात आम्ही मराठी मंडळी जमलो की घरांच्या किमती नि ग्रीन कार्ड यांवर बोलायचो. काका पॉटलकच्या जेवणाला भाताची प्लेट हातात घेऊन 'सूल्लिनेन' या एका विशेषणावर बोलायचे.

"सू म्हणजे तोंड. त्यावरून सूल्लिनेन, तोंडी. अगदी आपल्यासारखं! इंग्रजीच्या 'ओरल'मध्ये सापडतं का कुठे तोंड?"

"पण काका, त्याचं करायचं काय?"

"ऐक तर. आपलं 'तोंडी' आळशी. तोंडी परीक्षा, तोंडी परीक्षेत. परीक्षा बदलली, हे ढिम्म! फिनिशमध्ये तोंडी परीक्षा म्हणजे सूल्लिनेन कोए. पण 'परीक्षेत' म्हटलंस की लगेच सूल्लिसेस्सा कोकेस्सा. नामाला प्रत्यय लागला की विशेषणही तोच लावून घेतं. एकट्याला जाऊ देत नाही, काय?"

'काय?' हा काकांचा पूर्णविराम. उत्तर द्यायचं नसतं.

एका ऑगस्टमध्ये त्यांची गाडी बंद पडली, म्हणून शनिवारी मी त्यांना राइड दिली. पोचलो ते वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये. खिडकीशी आइनो बसली होती. फिनलंडची म्हातारी, पूर्वी काकांच्या शेजारी राहायची. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिचं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. उरली होती लहानपणची भाषा, आणि ती तिथे कुणालाच येत नव्हती.

काका खुर्ची ओढून बसले नि अडखळत बोलू लागले. ती हसायची, त्यांचे प्रत्यय सुधारायची. काका शहाण्या मुलासारखे पुन्हा म्हणायचे. पडदा संथ हलत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी उठावंसं वाटेना. मध्येच बाहेरच्या तापलेल्या पार्किंग लॉटकडे बघत तिनं काहीतरी विचारलं. काकांनी दोनच शब्द सांगितले. ती निवांत मागे टेकली.

परतताना मी म्हटलं, "काय विचारत होत्या हो?"

"गावच्या तळ्यावरचा बर्फ वितळला का."

"मग?"

"'अजून नाही' म्हटलं. वितळला म्हटलं असतं, तर होडी काढून निघाली असती ती. मग दर शनिवारी मी कुठे जाऊ?"