छाती मागितली, मांडी मिळाली

टेक्सासमधल्या होल्बेक गावच्या सुपरमार्केटात बुधवारी बीफचा सेल लागला. ब्रिस्केट, म्हणजे जनावराच्या छातीचा तो जाडजूड चरबीदार तुकडा, अर्ध्या किमतीत. फक्त सभासदांना, दर कुटुंबाला दोन खोकी. सकाळी सातला दार उघडलं तेव्हा डेल्बर्ट माखालेक रांगेत पहिला होता.

त्याला घाई असणं स्वाभाविक होतं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचं वार्षिक जेवण असतं आणि त्यातलं धुरावलेलं ब्रिस्केट गेली सत्तावीस वर्षं डेल्बर्टच्या भट्टीतून येत होतं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्या ब्रिस्केटसाठी एका बाकावर बसत. तिकिटांच्या पैशातून यंदा बंबाला नवा पंप घ्यायचा होता. जुना पंप मार्चमध्ये एका गोठ्याची आग विझवायला गेला, तेव्हा पाणी शिंपडायचं सोडून स्वतःच धुमसू लागला होता.

ब्रिस्केट निवडायची डेल्बर्टची रीत साधी होती. पाकीट मधोमध तळहातावर तोलायचं. दोन्ही टोकं ओल्या टॉवेलासारखी खाली लोंबली, तर घ्यायचं. फळीसारखी ताठ राहिली, तर परत ठेवायचं. चरबी बघायची, कडेचा रंग बघायचा आणि मग काउंटरमागच्या लीरॉय व्हानेककडे नजर टाकायची. लीरॉय तीस वर्षं तिथे मांस कापत होता. त्याने मान हलवली की काम झालं.

त्या दिवशी मात्र थंड कपाटात सगळी पाकिटं एकाच मापाच्या हिरव्या जाड कागदात गुंडाळलेली होती. आतलं काही दिसत नव्हतं. वर सुरेख अक्षरांत नावं होती: ‘वीकेंडचं धाडस’, ‘आजोबांची आठवण’, ‘रविवारचा संयम’. डेल्बर्टने एक उचलून तळहातावर तोललं. तत्काळ छतातून आवाज आला, “ग्राहकांनी कृपया मांस वाकवू नये.”

पाठोपाठ एक तरुणी आली. छातीवर बिल्ला: टॅम्झिन ओर्तेगा, निवड-सुलभीकरण प्रमुख.

“गुड मॉर्निंग सर! आजपासून आपण निवडीच्या त्रासातून मुक्त झालात!”

“मला कधी त्रास नव्हता, मॅम.”

“तोच तर प्रश्न होता, सर. ज्यांना कळतं ते चांगली पाकिटं उचलून नेत, ज्यांना कळत नाही त्यांच्या वाट्याला उरलेली. हा अन्याय आहे असं मुख्य कार्यालयाच्या अहवालात आलं. आता कुणालाच काही कळत नाही. सगळे समान.”

“आणि ही नावं कसली? ब्रिस्केट कुठलं यातलं?”

टॅम्झिनने इकडेतिकडे पाहिलं, जणू डेल्बर्टने चर्चमध्ये शिवी दिली होती. “अवयवांची नावं आम्ही बंद केली आहेत. ग्राहकाला जनावर आठवतं आणि मन खट्टू होतं. आता आम्ही तुकडा विकत नाही. अनुभव विकतो.”

“मला ओक लाकडाच्या धुरात चौदा तास ठेवायचा अनुभव हवा आहे.”

“वा! मग आमच्या अनुभव-सहायकांना भेटा.”

अनुभव-सहायक म्हणजे लीरॉयच. त्याच्या हातातली सुरी काढून घेतली होती आणि अंगावर फिकट जांभळा एप्रन चढवला होता.

“लीरॉय, हा काय तमाशा आहे? मला छातीचं दे.”

लीरॉय ताठ उभा राहिला. “उत्कृष्ट निवड, सर.”

“सर? अरे, तुझ्या लग्नात मी तुझ्या शेजारी उभा होतो!”

“उत्कृष्ट निवड, सर,” लीरॉय पुन्हा म्हणाला आणि डोळ्यांनी कोपऱ्यातला कॅमेरा दाखवला. सहायकाला तेवढं एकच वाक्य मंजूर होतं. पण दोस्ती ती दोस्ती. लीरॉयने खोकल्यासारखं केलं, आपल्या छातीवर दोनदा थोपटलं आणि हनुवटीने ‘आजोबांची आठवण’कडे खूण केली.

डेल्बर्टला कळलं. दुर्दैवाने कॅमेऱ्यालाही कळलं, फक्त वेगळं. कर्मचारी-सुरक्षा नियमांनुसार कर्मचाऱ्याने ग्राहकासमोर दोनदा छातीला हात लावणे म्हणजे हृदयविकार. घंटा वाजली, मांसविभाग रिकामा करण्यात आला आणि नऊ मिनिटांत अग्निशमन दलाची रुग्णवाहिका हजर झाली. दलाचा प्रमुख मिल्टन झापालाक स्वतः स्ट्रेचर घेऊन आत आला.

“मला काही झालेलं नाही, मिल्टन!” लीरॉय ओरडला.

मिल्टनने टॅम्झिनने दिलेला कागद वाचला. “इथे लिहिलंय, ‘मला काही झालेलं नाही असं म्हणणे’ हे दुसरं लक्षण. झोप बाबा गुपचूप.”

लीरॉयला पट्ट्यांनी बांधून नेलं. जिल्हा इस्पितळाने सगळ्या तपासण्या केल्या. काहीच सापडलं नाही, म्हणून त्याला सोमवारपर्यंत निरीक्षणाखाली ठेवलं.

मांसविभाग दुपारी पुन्हा उघडला तेव्हा ‘आजोबांची आठवण’ संपलेली होती. शिल्लक होता फक्त ‘रविवारचा संयम’. आता संयम म्हणजे चौदा तासांचं काम, आणि रविवार तर रविवारच. डेल्बर्टने मनाची समजूत घातली, त्याची दोन खोकी घेतली आणि ‘अनुभव स्वेच्छेने स्वीकारत आहे’ या वाक्याखाली सही केली.

शुक्रवारी मसाला चोळायला त्याने कागद फाडला आणि खुर्चीत बसला. बायको इमोजीन हात पुसत आली.

“काय रे, असा का बसलास?” तिने पाकिटात डोकावलं. “ही तर मागची मांडी! यात चरबीचा थेंब नाही. चौदा तास धूर दिलास तर बुटाचा तळ होईल.”

“मला दिसतंय, इमोजीन.”

“मग जा, परत कर. लाजतोस काय?”

तो गेला. टॅम्झिनने उघडलेल्या कागदाकडे हळहळून पाहिलं.

“सर, सुरू झालेला अनुभव परत घेता येत नाही.”

“उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं?”

“नाही कळणार, सर. पण आपण तक्रार करू शकता. अपेक्षित आणि प्राप्त अनुभवातला फरक एका वाक्यात लिहा.”

डेल्बर्टने लिहिलं, ‘मला छाती हवी होती, मांडी मिळाली.’ यंत्राने अर्ज गिळला, लाल दिवा लावला आणि चिठ्ठी बाहेर टाकली: अश्लील भाषेबद्दल आपलं सभासदत्व तीस दिवसांसाठी स्थगित.

सभासदत्व गेलं तसा सेलही गेला आणि दुकानाचं दारही बंद झालं. गावात दुसरं दुकान नव्हतं.

शनिवारी पहाटे त्याने भट्टी पेटवली. मांडीला डुकराच्या चरबीच्या पट्ट्या बांधल्या, दर तासाला सफरचंदाचा रस शिंपडला, कागदात गुंडाळून पाहिलं, उघडून पाहिलं. मांडी मात्र आपल्या मतावर ठाम राहिली. सुरी चालवताना त्याच्या मनगटाला घाम आला. “उद्या सरळ सगळ्यांसमोर सांगतो,” तो म्हणाला. “हे ब्रिस्केट नाही. मला माफ करा.”

“सांगच,” इमोजीन म्हणाली. “आणि दुकानाचंही सांग.”

रविवारी चर्च सुटल्यावर तीनशे माणसं अग्निशमन केंद्राच्या अंगणात जमली. दुकान यंदाचं पुरस्कर्तं होतं, त्यामुळे टॅम्झिनने भिंतीवर मोठा फलक लावला होता: ‘आज होल्बेक चाखत आहे रविवारचा संयम’. महापौरांनी पहिला घास घेतला. त्यांनी चावलं. मग आणखी चावलं. लोक वाट पाहत राहिले. डेल्बर्ट उभा राहिला, घसा साफ केला.

तेवढ्यात महापौरांनी कसाबसा गिळला आणि डोळे मिटले. “हे मांस,” ते म्हणाले, “माणसाला थांबायला शिकवतं.”

टाळ्या पडल्या. मिल्टनने तीन बोटं वर केली: तिकिटं मागच्या वर्षीपेक्षा तिप्पट खपली होती, पंप आला म्हणून समजा. प्रत्येक बाकावरून मतं येऊ लागली. कुणाला यात जुन्या काळचा प्रामाणिकपणा जाणवला. कुणी म्हणालं, मऊ मांस म्हणजे लबाडीच. लायब्ररीवाल्या बाईंनी डेल्बर्टचा हात धरून विचारलं, “रहस्य काय हो याचं?”

डेल्बर्टने इमोजीनकडे पाहिलं. ती मान हलवून ‘सांग’ म्हणत होती. त्याने पंपासाठी रिकाम्या ठेवलेल्या जागेकडे पाहिलं.

“संयम,” तो म्हणाला.

इमोजीनने आपलं ताट उचललं आणि ती गाडीत जाऊन बसली.

तेव्हाच शेवटच्या बाकावरून चौऱ्याण्णव वर्षांच्या मिस ओटिली ब्रोड काठी टेकत उठल्या. त्यांचे चार दात शिल्लक होते, पण आवाज शाबूत होता.

“डेल्बर्ट! पोरा, ही मांडी आहे ना रे?”

महापौरांनी ताटाकडे पाहिलं. मिल्टनने बंबाकडे पाहिलं. टॅम्झिनने वहीत काहीतरी टिपलं. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं की मिस ओटिलींना आता उन्हाचा त्रास होतो. लगेच दोघांनी त्यांना अलगद धरून सावलीत नेलं, पाणी दिलं, टोपी घातली.

मीही तिथेच होतो, तिसऱ्या बाकावर. आपण तिथे असतो तर मिस ओटिलींच्या बाजूने ठणकावून बोललो असतो, अशी तुमची खात्री असणार. माझीही होती. पण माझ्या तोंडात घास होता, आणि तो काही केल्या संपत नव्हता.