गड्डम सरांचा रकाना

गड्डम सर कुणाच्याही घरी गेले की आधी चादर तपासायचे. माझ्या लग्नात तर वरपक्षाच्या बैठकीवर ओणवे होऊन ते सुताचे धागे मोजत होते. सासऱ्यांनी मला हळूच विचारलं, "हे तुमच्यातले का?" मी नाही म्हणालो. आम्ही एकाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो.

सरांचं म्हणणं असं, की देशाच्या उत्पन्नाचा जुना इतिहास गिरणीच्या भोंग्यापासून सुरू होतो. गिरणीत नोंदवही असते. त्याआधी सोलापुरात घरोघरी जे कापड विणलं गेलं, त्याचा आकडाच नाही. मग गिरण्यांनी भर किती घातली आणि मोडलं किती, हे कळणार कसं? तो आकडा काढायला सर सात-आठ वर्षं शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या बोळांतून हिंडले. म्हाताऱ्यांना तेलुगूत विचारायचे, दिवसाला किती वार? वर बजावायचे, "अंदाजे नको, आठवून सांगा." एका आजोबांनी तीन रविवारी तीन आकडे दिले. चौथ्या रविवारी ते वारले. सर स्मशानातून परतताना म्हणाले, "सरासरीच धरावी लागणार."

तोवर बोळात यंत्रमाग खडखडू लागले होते. आठवणारी माणसं एकेक करून जात होती.

शेवटी सरांनी लिहिलेला लेख पुण्याच्या एका संशोधन-नियतकालिकाकडं गेला आणि परत आला. मागांचे आकडे चालतील, पण घरातल्या बायकांच्या कामाचा रकाना ऐकीव आहे, तो काढा, म्हणजे छापू, असं पत्र सोबत होतं. मी सरांना समजावलं, एका रकान्यासाठी एवढी वर्षं वाया घालवू नका. त्यांनी ऐकलं नाही. लेख कुठंच छापला गेला नाही.

सर रिटायर होण्याच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी पुन्हा तो विषय काढला.

"कॉलेजात येण्याआधी शाळेत नवा मास्तर होतो," सर म्हणाले, "तेव्हा मला खानेसुमारीची ड्युटी लागली. आमची गल्ली माझ्याकडंच. घरी आलो, वडिलांना विचारलं, आईचं काम काय लिहू? म्हणाले, काय लिहितोस, घरीच असते की. ती समोर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. पहाटेपासून. तिच्या कांड्या नसत्या तर वडिलांचा माग तासभर चालला नसता. तिनं वर बघितलं नाही."

"मग?"

"त्या रकान्यात मी लिहिलं, 'काही नाही'. माझ्याच अक्षरात."