मागून पाहणारे लहानूभाऊ

लहानूभाऊंच्या हातात लग्नाची पत्रिका दिली की ते ती आधी उलटी करतात. मागचं कोरं पान नीट निरखतात, मग पुढचं वाचतात. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा बाकीचे बैठकीत पोहे खात होते आणि हे थेट मागच्या अंगणात. परत येऊन म्हणाले, "भांडे घासून पालथे ठेवले हायेत. करून टाका सोयरीक." ती सोयरीक झाली आणि संसार छान चालला आहे.

गोंडपिपरीच्या बाजूला असलेल्या आमच्या शाळेत ते शिपाई होते. मी बदली होऊन आले त्या दिवशी सगळ्यांनी नमस्कार केला. लहानूभाऊ माझ्या स्कूटीला वळसा घालून आले आणि म्हणाले, "मागचा लाइट फुटला हाय, मॅडमजी."

"मागून कसं दिसते?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. स्नेहसंमेलनात आम्ही थर्माकोलचा राजवाडा उभारला, तर हे मागे जाऊन आले आणि पाहुण्यांसमोर सांगते झाले, "मागून बारदाना हाय." चौकात लागलेल्या पुढाऱ्यांच्या बॅनरबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. "हसते लय, पण मागून कोराच हाय."

ही खोड त्यांना झेंड्यापासून लागली, असं ते स्वतःच सांगत. झेंड्याचा दिवस जवळ आला की स्टाफरूममध्ये त्यांचं व्याख्यान होई. खडू घेऊन जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर ते चित्र काढत. "एका जुन्या झेंड्यावर कमळं होती अन् मधल्या पट्ट्यावर अक्षरं. पुढून वाचता ये, मागून सारं उलटं. पुढं चरखा आला. आता चरख्याचं चाक एकीकडे अन् सूत गुंडाळाची चाती दुसरीकडे. मागून पाह्यलं का चाक तिकडे जाते अन् चाती इकडे येते. मंग दिल्लीतल्या शहाण्या लोकाईनं काय केलं? चाक ठेवलं, बाकी काढून टाकलं. चक्र दोन्हीकून सारखं." आणि मग अभिमानाने, "अन् चक्र तं आमच्या विहारातलंच हाय जी."

हे ते अशा थाटात सांगत की दिल्लीतल्या त्या बैठकीत चहा यांनीच दिला असावा. प्रत्यक्ष ध्वजवंदनाला मात्र झेंडा बांधून दोरी पाहुण्यांच्या हातात दिली की लहानूभाऊ गायब. सगळी शाळा झेंड्याच्या पुढे आणि हे एकटे मागे, स्वयंपाकाच्या जुन्या टिनाच्या शेडजवळ. मागून बरोबर दिसतो की नाही ते तपासायला जात असतील, असं समजून आम्ही हसायचो. निवृत्त झाल्यावरही ते रोज यायचे. निवृत्तीचा कागद त्यांनी बहुधा मागच्या बाजूनेच वाचला होता.

यंदा हेडमास्तरांनी झेंड्याच्या मागे आठ फुटी भिंत बांधायची ठरवली. फोटोत ती गंजकी शेड दिसते, बरं दिसत नाही, आणि भिंतीवर देणगीदारांची नावंही लिहिता येतील. मिस्त्रीने चुन्याच्या फक्कीने रेघ मारली. सकाळी पाहावं तर रेघ नाही. पुन्हा मारली, पुन्हा नाही. तिसऱ्या दिवशी लहानूभाऊ खराट्यासकट सापडले.

"कचरा होता, झाडला," ते म्हणाले.

हेडमास्तर चिडले. लहानूभाऊंना समजवायचं काम माझ्याकडे आलं.

"लहानूभाऊ, झेंड्यासमोर भिंत थोडीच बांधतोय?" मी म्हटलं. "मागे बांधतोय. मागून पाहायचंय कुणाला?"

ते खराटा उचलून निघाले. मला शेडजवळ घेऊन गेले. विझलेल्या चुलीशेजारच्या फरशीवर खराटा टेकवून म्हणाले, "शेवंता इथी उभी राहे."

शेवंताबाई त्यांची बायको. शाळेत खिचडी शिजवायच्या. मी येण्याच्या आदल्या वर्षी त्या वारल्या, एवढंच मला ठाऊक होतं.

"झेंड्याच्या दिवशी चुलीवर शिरा राहे. सोडून पुढं येता येत नाई. गाणं सुरू झालं का हातातला चमचा खाली ठेवे, अन् इथीच ताठ उभी राहे. मी पुढून, शेवंता मागून. एकदा मले म्हणे, 'सारे पुढून पाहते, मले झेंडा उलटा तं दिसत नसन ना जी?' मी हासलो. पण रातभर झोप नाई. मंग लायब्ररीतलं पुस्तक काढून पाह्यलं अन् तिले सांगतलं, साहेबाले जसा दिसते तसाच तुले दिसते. त्याच्यासाठी चरखा काढला लोकाईनं. एवढी खूश झाली. म्हणे, 'मंग मी काही कमी नाई.'"

इतकी वर्षं ज्या खोडीला आम्ही हसलो ती एका बाईच्या प्रश्नाचं उत्तर होती.

हेडमास्तरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. भिंतीच्या विटांचा अंगणातल्या कडुनिंबाभोवती ओटा झाला. देणगीदारांची नावं त्यावर आली आणि आता त्या नावांवर बसून मुलं खिचडी खातात.

पंधरा ऑगस्टला मी माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवून शेडपाशी गेले. लहानूभाऊ पांढऱ्या सदऱ्यात उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले, तर हळूच म्हणाले, "जरा तिकडे सरका जी. इथी ते उभी राह्यते."

मी दोन पावलं सरकले. पुढे कोणीतरी दोरी ओढली, झेंडा उघडला आणि झेंडूच्या पाकळ्या खाली पडल्या. मागून अगदी तसाच दिसत होता.